माझी वाढ थांबली त्याची गोष्ट

माझी धाकटी बहीण मंगल दारात उभी होती आणि मलाच विचारत होती, "सुनंदाआक्का घरी हाय का?"

मी तिच्या पुढ्यात उभी, पदराला हात पुसत. मला वाटलं, गंमत करून राह्यली. म्हणून मीही म्हटलं, "न्हाई, बाजाराला गेली." माझा आवाज ऐकून ती आणखीच गोंधळली. मग तिने माझ्या डोळ्यांकडे नीट पाहिलं आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"आक्का?" ती म्हणाली. "आक्का, हे काय झालं तुला?"

मंगल आणि तिचा नवरा बरीच वर्षं गुजरातेत होते. तो ट्रकचा मिस्त्री. तिकडचं काम सोडून त्यांनी वडीगोद्रीला हायवेच्या कडेला स्वतःचं गॅरेज टाकलं होतं आणि बस्तान बसल्यावर ती पहिल्यांदा माझ्याकडे, बदनापूरला आली होती. मधल्या काळात आमची भेट नव्हती. घरातल्यांनी मला रोज पाहिलेलं, म्हणून कोणाला काही दिसलं नव्हतं. मलासुद्धा नाही.

अगदीच दिसलं नव्हतं असंही नाही. तुकड्या-तुकड्याने दिसलं होतं. लग्नातली अंगठी बोटात जाईना. म्हटलं, अंग भरलं. चपला लहान पडायला लागल्या तर मी पुरुषांच्या चपला घ्यायला लागले आणि त्या जास्त टिकतात असं सगळ्यांना सांगत राहिले. थंडीतही ब्लाउज घामाने चिंब व्हायचा. खालचे दात वरच्यांच्या पुढे आले, दातांत फटी पडल्या. पाळी थांबली. घोरणं इतकं वाढलं की माझ्या मिस्टरांनी आपलं अंथरूण पुढच्या खोलीत नेलं. शाळेत फोन घेतला की पलीकडचा माणूस मला "सर" म्हणायचा. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे एकेक कारण तयार होतं. ती सगळी कारणं मंगलने एका नजरेत मोडीत काढली.

यातली खरी गंमत अशी की मी विज्ञानाची शिक्षिका आहे. दरवर्षी ग्रंथींचा धडा घेताना मी फळ्यावर लिहायची, वाढीचं संप्रेरक प्रमाणाबाहेर गेलं की हाडं प्रमाणाबाहेर वाढतात. ज्या बोटांत खडू धरून लिहायची ती बोटं केळीच्या घडासारखी झाली होती, आणि माझं लक्ष फळ्याकडे.

तुमच्याही घरात कोणाचं असं तुकड्या-तुकड्याने काही चाललं असेल. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आधीच सांगून टाकते, मी बरी आहे.

फोटो आणि बोट

"उद्या जालन्याला जाऊ," मंगल म्हणाली.

"उद्या शाळा हाय."

"शाळा ऱ्हाऊ दे. मी सोबत हाय, चल."

ती लहानपणापासून अशीच. माहेरी, टेंभुर्णीला, आमच्या आईला विंचू चावला तेव्हा वडील कोणाला विचारायचं याचा विचार करत बसले होते, आणि ही शाळकरी पोर शेजाऱ्याची बैलगाडी जुंपून घेऊन आली होती.

जालन्याचे डॉक्टर तरुण होते. माझा हात त्यांनी हातात घेतला आणि सोडलाच नाही. उलटा केला, सुलटा केला, तळव्याची कातडी चिमटीत धरून पाहिली. मग म्हणाले, "बाई, लग्नातला फोटो आहे का घरी? तो घेऊन या. आणि मिस्टरांनाही आणा."

मला ते विचित्रच वाटलं. पण दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अल्बम घेऊन गेलो. माझे मिस्टर प्रकाश जालन्याच्या एका बियाणे कंपनीत गोदामाचं काम बघत. शांत माणूस, कमी बोलणारा. डॉक्टरांनी अल्बम टेबलावर उघडा ठेवला, मला दिव्याखाली बसवलं आणि मिस्टरांना म्हणाले, "आता फोटो बघा आणि मग यांना बघा."

यांनी फोटो बघितला. मग मला बघितलं. परत फोटो. माझ्या जन्मात इतक्या बारकाईने मला कोणी बघितलं नव्हतं. भुवयांच्या वरचं हाड पुढे आलेलं, नाक पसरलेलं, ओठ जाड, हनुवटी लांब. यांच्या चेहऱ्यावर ते सगळं एकामागोमाग उमटत गेलं. काय आजार आहे ते मला अजून कळलेलं नव्हतं, त्यामुळे आजाराची भीती नव्हती. त्या नजरेची मात्र वाटली.

"मी रोज बघतो हिला," ते म्हणाले. "रोज बघतो."

डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच."

मग त्यांनी मला समोर त्यांच्या नाकाकडे बघायला सांगितलं. "मी बाजूने बोट आणतो. दिसलं की सांगा." मी वाट बघत बसले.  मला वाटलं, अजून त्यांनी सुरुवात केली नसेल.

"अगं, सांग ना," हे हळूच म्हणाले.

"काय सांगू? आणू तर द्या."

"कवाचं हाय बोट तुझ्या कानापाशी. हालवून राह्यलेत ते."

दुसऱ्या बाजूनेही तसंच. सरळ समोरचं मला लख्ख दिसत होतं, पण दोन्ही बाजूंना जणू झापडं लावलेली होती, आणि ती कधी लागली ते मला कळलंच नव्हतं. तेव्हा कुठे मला माझा वर्ग आठवला. बाकाच्या टोकाला बसणाऱ्या मुली मागच्या वर्षापासून कुरकुर करत होत्या, "मॅडम, आम्ही कवाच्या हात वर करून बसलोय, तुम्ही बघतच न्हाईत." मला वाटायचं, पोरी लाडावल्यात.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. औरंगाबादला संप्रेरकांच्या तज्ज्ञ डॉक्टर होत्या, त्यांच्याकडे जायचं. "घाबरू नका," ते म्हणाले, "पण जल्दी करा."

एका पेशीची चूक

औरंगाबादच्या बाईंनी मला सकाळी उपाशीपोटी बोलावलं. रक्त घेतलं, साखरेचं गोड पाणी प्यायला दिलं आणि मग थोड्या थोड्या वेळाने पुन्हा रक्त घेत राहिल्या. निरोगी माणसाने साखर प्यायली की वाढीचं संप्रेरक झपाट्याने खाली जातं. माझं गेलं नाही. डोक्याच्या स्कॅनमध्ये मेंदूच्या तळाशी, पीयूषिका ग्रंथीवर, बोरापेक्षा जरा मोठी गाठ दिसली. तिने वर सरकून डोळ्यांच्या नसांना रेटा द्यायला सुरुवात केली होती.

"कॅन्सर हाय का?" यांनी विचारलं. गाडीत बसल्यापासून तो शब्द त्यांच्या तोंडात अडकून होता.

"नाही," बाई म्हणाल्या. "ही गाठ पसरत नाही. पण तिला असंच सोडलं तर नजर जाईल, साखर वाढेल, हृदयावर ताण येईल. म्हणून काढायची."

मी म्हटलं, "मॅडम, मी विज्ञान शिकवते. मला नीट सांगा, काय बिघडलंय."

त्या हसल्या, खुर्ची जवळ ओढली आणि सांगायला लागल्या. मी आता वर्गात सांगते ते त्यांच्याकडूनच शिकलेलं.

आपल्या शरीरातली पेशी मनाने वाढत नाही. तिला निरोप यावा लागतो. पीयूषिका ग्रंथी रक्तातून वाढीचा निरोप पाठवते, तो यकृताला मिळतो, यकृत आपला एक वेगळा निरोप पुढे हाडांना, कातडीला, स्नायूंना पाठवतं. प्रत्येक पेशीच्या अंगावर तो निरोप झेलणारी जागा असते. तिथे निरोप पोचला की पेशीच्या आत तो एका रेणूकडून दुसऱ्याकडे, हातोहात, थेट केंद्रकापर्यंत जातो, आणि पेशी वाढते, दुभागते. पुरेसं झालं की यकृताचाच निरोप उलटा वर ग्रंथीकडे जातो, की आता बस. ग्रंथी थांबते. लहान मूल मोठं होतं आणि मोठं माणूस मोठंच होत राहत नाही, ते यामुळे.

"मग माझ्या ग्रंथीला 'बस' ऐकू येईना का?" मी विचारलं.

"तसंच काहीसं. ग्रंथीच्या पेशीलाही वरून मेंदूचा हुकूम लागतो. हुकूम आला की पेशीच्या आतलं एक प्रथिन जागं होतं, पेशीला कामाला लावतं आणि लगेच आपोआप झोपतं. बऱ्याच रुग्णांमध्ये असं सापडलंय की एका पेशीत ते प्रथिन बिघडतं आणि झोपतच नाही. बाहेरून हुकूम नसला तरी आत 'वाढ, वाढ' चालूच. त्या एका पेशीच्या हजारो झाल्या, त्यांची ही गाठ. तुमच्यात नेमकं तेच झालंय का, हे मी तपासल्याशिवाय सांगणार नाही. पण चित्र तसंच आहे."

"माझं काही चुकलं का? खाण्यापिण्यात?"

"काहीही नाही. तुमच्या आईवडिलांचंही नाही. मुलीलाही काळजी नको."

दीपालीचा, माझ्या मुलीचा, विचार माझ्या मनात होता हे त्यांनी न सांगता ओळखलं. माझे डोळे भरून आले. त्या दिवशी मी रडले ती एवढ्याच वाक्याला.

काय बिघडलंय हे नेमकं कळलं की भीती आटोपशीर होते, हा माझा अनुभव. आधी माझं सगळं अंगच माझ्यावर उलटलंय असं वाटायचं. आता शत्रू बोराएवढा होता आणि त्याचा पत्ता मला ठाऊक होता.

घरातलं

ऑपरेशन मुंबईला, मोठ्या सरकारी रुग्णालयात होणार होतं. नाकाच्या वाटेने जाऊन गाठ काढतात, डोकं उघडत नाहीत. मी घरी ते सांगितलं तर माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, ताट सारलं.

"नाकातून डोक्यात? आन् डोळे गेले मंग? वाचाच गेली मंग? मास्तरीण म्हनून नोकरी कोन देईल?"

त्या मला मास्तरीणच म्हणायच्या. लग्न झाल्यापासून. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे दिवसावर अवलंबून असायचं. मधल्या वर्षांत टोमणाच जास्त झाला होता. माझी पाळी थांबली तेव्हा त्यांनी नातवाची आशा सोडली आणि माझ्याशी बोलणंही कमी केलं होतं.

यांचंही मन डळमळलं. बाहेर ओट्यावर बसून म्हणाले, "गोळ्या बी असतात म्हनं. गोळ्यांवर काढू काही दिवस."

"विचारलं मी. बाई म्हणाल्या, गोळीने थोडाफार फरक पडेल, पण नजरेकडे तेवढा वेळ न्हाई."

"डॉक्टर लोक घाईच करतात."

"तुम्ही बोट बघितलं होतं ना? कानापाशी होतं. मला दिसलं न्हाई."

 मग जे बोलले ते मी विसरणार नाही, आणि त्याचा रागही नाही. "मला भ्या वाटतंय, सुनंदा. तू बदलत गेलीस तर मी चिडत गेलो. तुझ्या घोरण्यावर, घामावर, आवाजावर. आता कळलं की तो आजार होता. मंग मी कोणावर चिडत होतो?"

मी म्हटलं, "गाठीवर. आता तीच काढायला चाललो आपण."

ते हसले. फार दिवसांनी. ऑपरेशन ठरलं ते त्या हसण्यावर.

दीपालीला मी सगळं चित्र काढून समजावलं. ती सातवीत होती. तिने फक्त एक विचारलं, "आई, तू पहिल्यासारखी दिसशील का?" मी म्हटलं, "थोडी. पूर्ण न्हाई. हाडं वाढली ती वाढली." तिने विचार केला आणि म्हणाली, "बराबर. मला ही आई बी चालते." मंगल तिला वडीगोद्रीला घेऊन गेली.

बायकांचा वॉर्ड

बायकांच्या वॉर्डात पुरुषाला राहू देत नाहीत, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. मंगल दीपालीपाशी. यांनी बाहेरून निरोप पाठवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डाच्या दारात आत्याबाई उभ्या. हातात भाकरीचं गाठोडं, कपाळाला आठ्या. टेंभुर्णी-बदनापूर-जालना यापलीकडे त्यांनी जग बघितलं नव्हतं. पुतण्याने आणून सोडलं होतं.

"कुठं झोपायचं म्या?" एवढंच विचारलं आणि माझ्या पलंगाखाली सतरंजी अंथरून टाकली.

वॉर्डाचं एक घड्याळ असतं. सकाळी झाडू, मग फिनेलचा वास, मग तापमान, मग डॉक्टरांचा घोळका. माझ्याकडे तो घोळका जरा जास्तच थांबायचा. शिकाऊ डॉक्टर माझे हात, जबडा, जीभ बघायचे. पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ठरवलं, ही पोरं शिकायला आलीत, मी शिक्षिका आहे. मीच हात पुढे करून म्हटलं, "बघा, आणि लक्षात ठेवा. खेड्यातली बाई तुमच्याकडे डोकेदुखी घेऊन येईल तेव्हा तिचा हातही बघा." त्यातली एक मुलगी रोज संध्याकाळी येऊन बसायला लागली. तिला माझा वर्ग कसा चालतो ते ऐकायचं असायचं.

सर्जन उंच, घाईत असलेले, पण एक वाक्य थांबून बोलले. "बाई, मी काळजी घेईन. तुम्ही शिंकू नका, वाकू नका, नाक शिंकरू नका. बाकी माझ्यावर सोडा."

ऑपरेशनच्या सकाळी आत्याबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून त्रिसरण म्हटलं.  मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, मी येते परत." त्या म्हणाल्या, "येशील न्हाई तर काय. तुझी वेणी घालायची ऱ्हायली."

पाणी

शुद्धीवर आले तेव्हा दोन्ही नाकपुड्या कापसाने गच्च भरलेल्या. तोंडाने श्वास. जीभ आणि टाळू लाकडासारखे. वरच्या ओठाच्या आत टाके. दुखत फारसं नव्हतं, पण नाकाने श्वास न घेता राहणं म्हणजे काय, हे सांगून समजायचं नाही. पहिला दिवस मी फक्त पुढचा श्वास घ्यायचं काम केलं. ज्यांचं हे ऑपरेशन व्हायचंय त्यांना सांगते, तो दिवस संपतो. तोंडावर ओला रुमाल ठेवा, बर्फाचा खडा मागा, आणि घाबरून श्वास जोरात ओढू नका.

मग तहान लागली. साधी नाही. माठच्या माठ प्यावेसे वाटायचे आणि जेवढं प्यायले तेवढं बाहेर. ग्रंथीला धक्का लागला की काही दिवस असं होतं, पाणी धरून ठेवायचा निरोपच बंद पडतो. त्यामुळे किती पाणी आत गेलं आणि किती लघवी झाली, यावर सगळ्यांचं लक्ष. केरळच्या एक सिस्टर होत्या, त्यांना मराठी तुटकं यायचं. आत्याबाईंना हिंदी येत नव्हती, म्हणजे आपली दखनी हिंदी यायची, तीही बाजारातली. पण दोघींची गट्टी जमली.

"सिस्टर, ये भांडा भर गया. हमारी पोरगी का. बघून जाव जल्दी."

मी डोळे मिटून पडले होते. पोरगी. मास्तरीण नाही. कापसामुळे मला रडताही येत नव्हतं, आणि सर्जनांनी नाक शिंकरायला मनाई केलेली. मी तसंच गिळून टाकलं.

एकदा मला नाकातून पातळ काही ओघळल्यासारखं वाटलं. मेंदूभोवतीचं पाणी गळू शकतं, ते मला सांगितलेलं होतं. मी आत्याबाईंना नाकाकडे बोट दाखवलं. आत्याबाई धावत सिस्टरला घेऊन आल्या. सिस्टरने पाहिलं, मग मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मला पुढे झुकवून बसवलं, थेंब पडतो का ते बघितलं. पडला नाही. ओल्या रुमालाचं पाणी होतं ते. डॉक्टर गेल्यावर आत्याबाईंनी तो रुमाल घट्ट पिळला आणि म्हणाल्या, "ह्या फडक्यानं जीव घेतला अस्ता माझा." मग आम्ही दोघी हसलो. मी तोंड उघडं ठेवून, त्या पदर तोंडाला लावून.

आणि या सगळ्यात एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. नाकात कापूस असतानाच. मी छताकडे बघत पडले होते आणि मला छतासोबत डावीकडची खिडकीही दिसत होती. उजवीकडे आत्याबाई पालक निवडल्यासारख्या आपल्या साडीच्या निऱ्या चिमटत बसलेल्या दिसत होत्या. मान न हलवता. मी बोट कानापाशी नेलं, हलवलं. दिसलं.

"आत्याबाई," मी म्हटलं, "तुम्ही मला दिसून राह्यल्या."

"म्या हितंच हाय. काहून दिसनार न्हाई?"

त्यांना समजावायला मला बराच वेळ लागला. समजलं तेव्हा त्या उठून वॉर्डाच्या दाराशी गेल्या आणि बाहेर बसलेल्या आपल्या लेकाला इतक्या मोठ्याने सांगितलं की सगळा वॉर्ड उठून बसला.

जे परत आलं

कापूस निघाला तो क्षण. पहिला श्वास नाकाने घेतला, त्यात फिनेल होतं, घाम होता, कोणाच्या तरी डब्यातलं वरण होतं. इतका चांगला वास मी त्याआधी घेतला नव्हता.

अंगावरची सूज भराभर उतरली. बोटं सैल झाली, घाम थांबला, जीभ तोंडात मावायला लागली. पण जबड्याचं हाड, भुवयांवरचं हाड, पावलं तशीच. आवाजही जाडच राहिला. आरशातली बाई फोटोतली झाली नाही. मला त्याचं वाईट वाटलं का? वाटलं, एक पावसाळाभर. मग कामात विसरले.

हे परत आत झोपायला आले. लाजत आले. मी म्हटलं, "घोरले तर उठवा." म्हणाले, "आता घोर की. मला झोप येत नव्हती बाहेर."

काही महिन्यांनी औरंगाबादला पुन्हा साखरेचं पाणी प्यायले. या खेपेला संप्रेरक खाली गेलं. बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "तुमच्या ग्रंथीला 'बस' समजायला लागलं, मॅडम." दर वर्षी तपासणी मात्र चुकवायची नाही. मी चुकवत नाही. गाठीचा एखादा कण मागे राहिलेला असू शकतो, हे मला माहीत आहे. माहीत असूनही मला झोप लागते.

वडीगोद्री

त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मंगलकडे गेले होते. गॅरेजसमोर एक ट्रक लागलेला. मंगलचा नवरा चाकाखाली, आणि ड्रायव्हर बाजेवर बसून चहा पीत होता. तरणा, पस्तिशीचा. कप त्याच्या हातात बाहुलीच्या भातुकलीतला वाटत होता. कपाळ पुढे आलेलं, जबडा लांब. भर सावलीत घामाने निथळत होता.

माझे पाय जागच्या जागी थांबले. अनोळखी माणसाला काय सांगायचं?

मंगलने मला बघितलं, मग त्याला बघितलं, आणि तिलाही कळलं. "बोल," ती म्हणाली. "तू न्हाई बोललीस तर मी बोलते."

मी जवळ गेले. "दादा, रागावू नका. डोकं दुखतं का तुमचं?"

"ड्रायव्हर मानसाचं दुखतंच, बाई."

"बाजूने येणाऱ्या गाड्या दिसतात का बराबर?"

त्याने कप खाली ठेवला. मागच्याच महिन्यात त्याने एका मोटरसायकलला घासलं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा तो फक्त चिडला. "कोन तुम्ही? ज्योतिषी हाय का? माझी नजर बिलकुल चांगली हाय." उठला, ट्रकपाशी जाऊन उभा राहिला.

मी मागे गेले नाही. मंगलच्या नवऱ्याला म्हटलं, "गाडी दुरुस्त झाली की यांना माझ्या शाळेचं नाव सांगा. एवढंच." आणि घरात गेले. मला वाटलं, गेला हा.

शाळा सुरू झाली. पहिल्या घटक चाचणीच्या वेळी शिपाई वर्गात आला. "मॅडम, एक ट्रकवाला आलाय. सोबत बाई हाय त्याची."

तो गेटपाशी उभा होता. शेजारी त्याची बायको, कडेवर लहान मूल.  बायकोच बोलली.

"बाई, हे सांगत नव्हते. परवा घरात येताना दाराच्या चौकटीवर आदळले. मंग म्या इचारलं, कोन काय म्हनल्तं का तुमाला. तवा सांगितलं. वडीगोद्रीला एक बाई होत्या म्हनून. काय झालंय ह्यान्ला?"

त्याने खाली बघत विचारलं, "मरायचं हाय का मला, बाई?"

"न्हाई," मी म्हटलं. "पण गाडी आता चालवायची न्हाई. उद्या आपण औरंगाबादला जाऊ. मी सोबत येते."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. आम्ही एसटीने गेलो. त्याला खिडकी दिली, मी बाजूला बसले. वाटेत मी त्याला सगळं सांगितलं, निरोप कसा जातो, पेशी कशी ऐकते, आणि एखादीला 'बस' कसं ऐकू येत नाही. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मंग नाकातूनच काढतात?"

"नाकातूनच."

"दुखतं?"

"पहिला दिवस वाईट. मंग न्हाई."

दवाखान्याच्या बाकावर बसलो तेव्हा त्याचे मोठे हात गुडघ्यांवर पडलेले होते आणि बायको त्यातलं एक बोट मुठीत धरून बसली होती. आतून त्याचं नाव पुकारलं. तो उठला, दोन पावलं गेला, आणि वळून माझी वाट बघत थांबला.

"चला," मी म्हटलं, आणि आम्ही आत गेलो.